वाद्यांचा पत्रव्यवहार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरीवर, शिवकालीन पत्रांवर आणि मधुमेहावर व्याख्याने झाली. त्याच व्यासपीठावरून आज विजेच्या गिटारच्या ध्वनिवर्धकाविषयी कोणी बोलणार आहे, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही ज्येष्ठ मंडळींनी चष्मा पुसून पुन्हा वाचले असेल. त्यातून मी बी. ए. झालेला माणूस. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे टिपणे लिहिण्यात आणि जावक क्रमांक घालण्यात गेली. मी अभियंता नव्हे, वादक तर नव्हेच. परंतु गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयाच्या खोलीत संध्याकाळी जे काम चालले होते, त्यात एक कारकुनी जबाबदारी माझ्याकडे आली. ती पार पाडताना ध्यानात आले की, हा विषय वरकरणी यंत्राचा दिसत असला तरी मुळात तो पत्रव्यवहाराचा आहे; आणि पत्रव्यवहाराविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी मानतो.

शिलाँगमध्ये राहणाऱ्याला गिटार टाळता येत नाही. खासी लोकांचे दुइतारा हे स्वतःचे तंतुवाद्य आहेच. शिवाय बॉब डिलन या अमेरिकन गायकाचा वाढदिवस दर वर्षी २४ मे रोजी साजरा करण्याचा प्रघात येथील लू माजॉ यांनी १९७२ साली पाडला, हे आपण जाणताच. आपली मुले या हवेत वाढली आणि त्यांनी पेटीऐवजी गिटार हाती घेतली. गणेशोत्सवात गिटार कशाला, हा प्रश्न कार्यकारिणीत दोनदा चर्चेस आला आहे. मी एवढेच म्हणेन की, पेटीही साहेबाच्या देशाकडूनच आली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर उभे केले होते, आणि आज तिच्यावाचून नाट्यगीताची कल्पनाही आपल्याला सुचत नाही. असो.

विजेची गिटार स्वतः जवळजवळ मुकी असते. तिच्या तारांखाली लोहचुंबकाभोवती तांब्याच्या केसाएवढ्या तारेची वेटोळी असतात. वरची तार कंप पावली की त्या वेटोळ्यांत अगदी क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो ध्वनिवर्धकाकडे जातो. सभेतल्या ध्वनिवर्धकाचे कर्तव्य इतकेच की, जे आले ते मोठे करून सोडावे. गिटारचा ध्वनिवर्धक मात्र स्वर घडवतो. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचे ड्रम शिकवणारे गृहस्थ वाद्यांचे दुकान चालवीत. १९६२ साली त्यांच्याकडे जो ध्वनिवर्धक तयार झाला, त्याच्या निर्वात नळ्यांना सोसेल त्याहून अधिक जोर दिला की ध्वनितरंगाचे माथे सपाट होत आणि एक भरदार, खरबरीत आवाज निघे. अभियंत्यांच्या पुस्तकात ज्याला विकृती म्हणतात, तीच वादक पैसे देऊन मागू लागले. आजच्या ध्वनिवर्धकात स्वच्छ आवाज, खरबरीत आवाज, प्रतिध्वनी, घुमारा असे पाचपन्नास प्रकार असतात, आणि एकाच गाण्यात वादकाला तीन-चार वेळा ते पालटावे लागतात. दोन्ही हात तारांवर गुंतलेले असतात. म्हणून हे काम पायाकडे आले. गिटारवादकाच्या पुढ्यात जमिनीवर जी पेडले मांडलेली दिसतात, ती यासाठी.

येथेच आमची अडचण होती. आपल्या मंडळातला एक तरुण उत्तम गिटार वाजवतो. त्याचे नाव घेत नाही. तो सभागृहात बसला आहे आणि नाव घेतलेले त्याला आवडणार नाही. सहा वर्षांपूर्वी एका अपघातात त्याच्या दोन्ही पायांतले बळ गेले. हात शाबूत, कान त्याहून शाबूत. पण पेडल दाबता येत नाही. त्यावर तोड अशी निघाली होती की, धाकट्या भावाने पायाशी मांडी घालून बसावे आणि दादाने मान हलवली की हाताने पेडल दाबावे. भाऊ गुणी आहे. तथापि मान हलणे आणि हात पडणे या दोहोंच्या मध्ये अर्धी मात्रा निघून जाई, आणि अर्धी मात्रा म्हणजे काय हे या सभेला सांगावयास नको. एका गणेशोत्सवाच्या तालमीनंतर कोणीतरी सद्भावनेने सुचवले की, गिटारचा भाग आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवू. याने मंचावर नुसते बसावे. तो काही बोलला नाही. पुढच्या दोन तालमींना मात्र तो आला नाही.

आता मिडीविषयी. म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस या लांबलचक नावाचे हे आद्याक्षरी रूप. १९८०च्या सुमारास विजेवर चालणारी स्वरवाद्ये अनेक कंपन्या बनवीत होत्या, आणि एका कंपनीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी बोलू शकत नसे. एकाचे भोक निराळे, दुसऱ्याचा विद्युद्दाब निराळा. जपानमधील रोलंड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी यात पुढाकार घेतला. काकेहाशी लहानपणीच पोरके झाले होते, घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करून त्यांनी पोट भरले, क्षयाने ते काही वर्षे अंथरुणाला खिळले होते, आणि वादनाचे रीतसर शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही. स्मिथ यांनी आपले सहकारी चेट वुड यांच्यासह १९८१ साली ध्वनिअभियंत्यांच्या परिषदेत एका समान भाषेचा आराखडा मांडला. पुढे यामाहा, कॉर्ग आणि कावाई या जपानी कंपन्याही सामील झाल्या. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात स्मिथ यांचे एक वाद्य आणि रोलंडचे एक वाद्य एका तारेने जोडले गेले. एकावर पट्टी दाबली आणि दुसरे वाजले. त्याच वर्षी नियमावली प्रसिद्ध झाली. ती वापरण्यासाठी कोणाकडूनही स्वामित्वशुल्क घ्यावयाचे नाही असे ठरले, आणि ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणाऱ्यांनी एक सामाईक भाषा केली आणि ती फुकट देऊन टाकली. २०१३ साली या दोघांना तांत्रिक ग्रॅमी सन्मान मिळाला. काकेहाशी २०१७ मध्ये वारले, स्मिथ २०२२ मध्ये. त्यांच्या भाषेची दुसरी आवृत्ती २०२० साली जाहीर झाली असली, तरी १९८३ची पहिली भाषा आजही बोलली जाते.

मिडीच्या तारेतून स्वर जात नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तारेतून जाते ते स्वराविषयीचे पत्र. अमुक पट्टी इतक्या जोराने दाबली गेली, अमुक बटण इतके फिरवले, आता सातव्या क्रमांकाची मांडणी लावा, असा तो मजकूर असतो आणि सगळा अंकांत असतो. एका सेकंदात ३१,२५० द्विमान खुणा जातात. ही संख्या चमत्कारिक वाटते, पण तिचा हिशेब सोपा आहे : त्या काळच्या यंत्रांत सेकंदाला दहा लक्ष ठोके देणारे घड्याळ असे, दहा लक्षांना ३२ने भागले की ३१,२५० येतात. एका अंकाला पुढची-मागची खूण धरून दहा खुणा लागतात. बहुतेक पत्रे दोन किंवा तीन अंकांची. म्हणजे तीन अंकांचे पत्र पोचण्यास सेकंदाचा साधारण हजारावा भाग पुरतो. आमच्या खात्यातला कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास किती लागतो, हे मी येथे सांगणार नाही.

पत्राचा पहिला अंक नेहमी १२८ किंवा त्याहून मोठा असतो, पुढचे सारे १२७ किंवा त्याखालचे. त्यामुळे घेणाऱ्याला नवे पत्र कोठे सुरू झाले ते तत्काळ कळते. पहिल्याच अंकात हुकुमाचा प्रकार आणि सोळांपैकी कोणत्या वाहिनीसाठी तो आहे, हे दोन्ही लिहिलेले असते. सोळा टेबलांच्या कचेरीत सारी टपाल सर्वांपुढून फिरावी आणि ज्याने त्याने आपल्या क्रमांकाचे पाकीट तेवढे फोडावे, तसा हा प्रकार. मांडणी पालटण्याचा हुकूम दोन अंकांचा. बटण फिरवण्याचा तीन अंकांचा : त्यात दुसरा अंक कोणते बटण ते सांगतो, तिसरा किती ते सांगतो. त्यातही काही क्रमांक रूढ झाले आहेत. सात म्हणजे आवाजाची पातळी, चौसष्ट म्हणजे पियानोचे स्वर लांबवणारे पेडल, आणि दोन म्हणजे फुंकर.

आणखी एक बारकावा सांगण्याचा मोह होतो. मूळच्या पाच काड्यांच्या गोल मिडी जोडणीत दोन वाद्यांचा विजेचा संबंध जडू दिलेला नाही. घेणाऱ्या बाजूस एक सूक्ष्म दिवा लुकलुकतो, समोरचा प्रकाशग्राहक तो पाहतो, आणि पत्र प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जाते. एका यंत्राची घरघर दुसऱ्यात उतरू नये म्हणून ही सोवळ्याची व्यवस्था.

फुंकरीचा क्रमांक कळला तेव्हा खोलीतल्या सर्वांच्या मनात एकच गोष्ट आली. मिडीच्या पत्रात आज्ञा असते. ती पायाने दिली, हाताने दिली की श्वासाने, याची त्यात नोंद नसते आणि घेणारे यंत्र तशी चौकशीही करीत नाही. गिटारचा हुकूम पायानेच द्यावा ही केवळ वहिवाट होती. एका नळीच्या टोकाशी हवेचा दाब मोजणारा बोटाच्या नखाएवढा संवेदक बसवला, नळीचे दुसरे टोक ओठांपाशी आणले, की फुंकरीचा दाब हा ० ते १२७ यांमधला अंक होतो.

पण ही पत्रे ध्वनिवर्धकापर्यंत न्यावयाची कशी? आमच्यापाशी होता तो रोलंडच्याच बॉस या नाममुद्रेचा, २०१६ साली निघालेल्या 'कटाना' मालिकेतला पन्नास वॅटचा नमुना. कटाना म्हणजे जपानी तलवार. त्याला पाच काड्यांचे गोल भोक नाही. संगणकाला जोडण्याचे यूएसबीचे भोक मात्र आहे. वाद्यवृंदातल्या मुलीच्या की-बोर्डलाही तेच. तेव्हा एक तार घेऊन दोन्ही थेट जोडावीत असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. यूएसबीच्या शास्त्रात एक यजमान लागतो आणि बाकीचे पाहुणे असतात. पाहुणे आपण होऊन एकमेकांशी बोलत नाहीत; यजमानाने विचारले म्हणजे उत्तर देतात. येथे दोघेही पाहुणे, आणि यजमानाचा पत्ता नाही. ती जागा छोट्या संगणकाने घेतली.

हा संगणक म्हणजे रास्पबेरी पाय. एबेन अप्टन आणि त्यांच्या केंब्रिजमधील सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिता यावी म्हणून तो घडवला, आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला. त्याची पाटी ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद. आपल्या पानाच्या डब्याहून लहान. तो चालतो लिनक्सवर. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टॉरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी हे काम घेऊन बसला आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. त्याचा आतला मजकूर कोणालाही वाचता येतो, सुधारता येतो. लिनक्समध्ये ध्वनी आणि मिडी यांची व्यवस्था पाहणारा 'अल्सा' नावाचा विभाग आहे. यारोस्लाव किसेला यांनी तो १९९८ साली सुरू केला. या विभागाच्या साध्या अवजारांनी कोणते वाद्य कोणत्या दारावर आले आहे हे दिसते, आणि तारेवरून जाणारे अंक पडद्यावर ओळीने छापता येतात. माझे काम येथून सुरू झाले.

सर्वसाधारण हुकुमांखेरीज प्रत्येक कंपनीला आपल्या घरची बोली मिडीतच बोलता येते. असे पत्र २४० या अंकाने उघडते, २४७ने मिटते, आणि दुसरा अंक कंपनीचा असतो, रोलंडचा ६५. कटानाच्या पोटातली बहुतेक बटणे या बोलीने फिरतात. वाद्यासोबतची पुस्तिका वादकासाठी लिहिलेली असते. तारेवरच्या अंकांशी तिला कर्तव्य नसते. म्हणून अनेक देशांतल्या हौशी लोकांनी जे केले तेच आम्हीही केले. एक बटण एक घर फिरवावयाचे आणि तारेवर काय उमटले ते लिहून घ्यावयाचे. मी एक वही आखली : बटणाचे नाव, आधीचे स्थान, नंतरचे स्थान, आलेले अंक, शेरा. पडद्यावर अंक षोडशमान पद्धतीने येत, म्हणजे नवानंतर ए, बी, सी. त्यांचे आपल्या दशमानात रूपांतर करून मी दुसऱ्या रकान्यात मांडीत असे. अकरा संध्याकाळी हे चालले. तरुण मंडळी चहाला गेली की मी मागची पाने तपाशी.

या पत्रांत मला सर्वांत आवडला तो शेवटून दुसरा अंक. आपण पाकिटावर 'सोबत पाच पाने' असे लिहितो, म्हणजे वाटेत पान गळले तर कळावे. तसा तो पडताळ्याचा अंक आहे. उदाहरण घेतो. फिरवलेली बटणे तारेवर कळवीत जा, अशी कटानाला विनंती करावी लागते. ते पत्र पंधरा अंकांचे : २४०, ६५, ०, ०, ०, ०, ५१, १८, मग पत्त्याचे चार १२७, ०, ०, १, मग मजकुराचा एक १, मग पडताळा, आणि २४७. पडताळा असा काढावयाचा : पत्ता आणि मजकूर यांची बेरीज १२९. तीतून १२८ वजा जाता उरला १. तो १२८मधून वजा केला की १२७. हा अंक चुकीचा पडला तर ध्वनिवर्धक रागावत नाही, परत पाठवीत नाही, नुसता गप्प बसतो. अशा गप्प बसण्याचा मला सरकारी नोकरीमुळे पुष्कळ सराव आहे.

अंक हाती आल्यावर उरले ते भाषांतर. छोट्या संगणकाने एका कानाने फुंकरीचा अंक ऐकावयाचा आणि दुसऱ्या बाजूला रोलंडच्या बोलीत तो सांगावयाचा. मिडीची मोजणी १२७ पर्यंत आणि कटानाच्या बटणाची १०० पर्यंत. म्हणून मध्ये त्रैराशिक आले. १२७ला १००, तर ६४ला किती? पन्नास आणि किंचित. किंचित सोडून द्यावयाचे. आज्ञावली पायथन भाषेत लिहिली. ती लिहिणारा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि ती अवघी दोन पाने भरते.

खरा त्रास श्वासाने दिला. माणूस नळी ओठांत धरून साधा श्वास सोडतो तोही संवेदकाला कळतो, आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ध्वनिवर्धक भरतीच्या लाटेसारखा चढू-उतरू लागला. म्हणून बाराच्या खालचा अंक मोजावयाचाच नाही असे ठरवले. अंक बदलला असेल तरच पत्र पाठवावयाचे, नाहीतर तीच तीच पत्रे सेकंदाला शेकड्यांनी जाऊन ध्वनिवर्धक गुदमरतो, हेही ठरले. हलकी फुंकर स्वर फुलवते. एकदम दिलेली जोरकस फुंकर खरबरीत आवाजाची मांडणी लावते; पुन्हा तशीच दिली की स्वच्छ आवाज परत येतो. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जातानाची मांडणी की-बोर्डवादिका आपल्या डावीकडच्या शेवटच्या चार पट्ट्यांनी पाठवते, कारण त्या पट्ट्या तिला कधी लागतच नाहीत.

मंडपातल्या विजेचा विचारही करावा लागला. संगणक रीतसर बंद न करता वीज गेली, आणि नेमके त्या वेळी त्याच्या स्मृतिपत्रावर काही लिहिले जात असले, तर ते पत्र बिघडू शकते. मंचावर तर ना पडदा, ना कळफलक. कार्यक्रम संपला की कोणीतरी एकच बटण दाबून सगळे बंद करणार. यावर उपाय लिनक्समध्येच आहे : ते स्मृतिपत्र फक्त वाचण्यापुरते खुले ठेवावे आणि तात्पुरते लेखन यंत्राच्या चंचल स्मृतीत करावे. आता वीज दिली की यंत्र आपण होऊन जागे होते, दोन्ही पाहुण्यांची वाट पाहते आणि कामाला लागते. तबलजी डग्ग्यावर हातोडी घेऊन बसला असतो, तोवर हे तयार असते.

गेल्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी त्याने पाच गाण्यांना साथ केली. तिसऱ्या गाण्याच्या मध्यंतरात स्वर अगदी बारीक सुरू होऊन हळूहळू भरत गेला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकूंना वाटले की कोणी बासरी घेऊन आले आहे. त्यांनी मला तसे विचारलेही. गाणे संपल्यावर त्याने नळी बाजूला केली, आणि पुढच्या गाण्यात सुरुवातीलाच आवाज थोडा कमी ठेवा, असे तबलजीला सांगितले. एरवी वादक एकमेकांना सांगतात तसेच. धाकटा भाऊ आता पायाशी बसत नाही. तो झांज वाजवतो, आणि ती अजूनही अर्धी मात्रा उशिरा पडते.

यंत्र बाजूच्या टेबलावर ठेवले आहे. नळीचे तोंड प्रत्येकासाठी वेगळे आहे. शेजारच्या वाटीतले घ्यावे आणि वापरलेले दुसऱ्या वाटीत टाकावे. वही ग्रंथालयाच्या दुसऱ्या कपाटात, नोंदवहीच्या शेजारी आहे. तिची नक्कल करून घेण्यास कोणासही मुभा आहे. दिब्रुगड आणि गुवाहाटी येथील दोन तरुणांनी मागणी केली होती, त्यांना प्रती पाठवल्या आहेत. चिटणीसांनी चहाची खूण केली आहे, तेव्हा मी येथे थांबतो. प्रश्न असतील ते टेबलापाशी विचारावेत. गिटारविषयीचे त्याला, अंकांविषयीचे मला.